हिवाळ्यात मासा झोपत नाही

बाबा,

तुमची सही मी दहा-बारा फुटांवरून ओळखली. कंपनीच्या माणसाने फोल्डरमधून एक पिवळा पडलेला कागद काढून वर धरला, आणि त्याने काही वाचायच्या आधीच मला खालचा तो फराटा दिसला, उजवीकडे लांब ओढलेला, टोकाला किंचित वर वळलेला. माझ्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं तोच होता. मी डोंगरातल्या एका शाळेच्या मैदानात, भाड्याच्या मांडवाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तुमच्या नोंदवह्या. आपल्या नदीच्या वरच्या अंगाला दुसरा वीजप्रकल्प होऊ घातलाय, त्याची जनसुनावणी होती, आणि आपल्या क्लबाच्या वतीने विरोध नोंदवायला मी लखनौहून गेले होते. काय बोलायचं ते आठ दिवस घोकलं होतं. त्याची सुरुवातच तुमच्यापासून होती.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुमच्यावर कधी रागावले नव्हते. गेला महिनाभर रोज रागावते. सकाळी लॅब उघडताना, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना, इथल्या कपूरथला चौकात रिक्षांच्या गर्दीत अडकलेली असताना. परवा सब्जीवाल्या भैयाशी कारण नसताना भांडले. तो शांतपणे भेंडी तोलत म्हणाला, “मैडम, आज गुस्सा किसी और का है, निकल हम पे रहा है.” खरंच होतं ते. पण कोणाचा राग हे त्याला कसं सांगणार? वडिलांचा म्हटलं असतं तर त्याने सहज विचारलं असतं, की जाऊन बोला ना त्यांच्याशी.

लखनौसारख्या शहरात ट्राउट पकडणाऱ्यांचा क्लब आहे हे ऐकून लोक अजून हसतात. ट्राउटला थंड, वाहतं, नितळ पाणी लागतं, आणि असलं पाणी इथून एक रात्र रेल्वेने आणि एक अख्खा दिवस जीपने जावं तेव्हा गढवालात वर कुठेतरी भेटतं. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही हवाई दलातून निवृत्त झालात आणि महानगरमध्ये घर घेतलंत. मिरजेला परत जाऊन राहायचं आईचं स्वप्न त्या घराच्या खरेदीखतावरच संपलं. वर्षभरात आपल्या व्हरांड्यात अकरा माणसांचा क्लब उभा राहिला. तुमचे दोन जुने सहकारी, एक बँकेतले, बाकीचे इथलेच, आणि डॉक्टरसाहेब. सगळ्यांना तुम्ही कॉलनीच्या पार्कात दोरी फेकायला शिकवलंत, गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. मॉर्निंग वॉकवाले थांबून बघायचे. एकदा एक बाई काळजीने म्हणाल्या होत्या, “भाईसाहब, यहाँ पानी तो है नहीं.” तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, “पानी बाद में आता है, पहले हाथ आता है.”

आणि ते जेवणाचं टेबल. त्याच्या एका टोकाला छोटा शिकंजा कायमचा घट्ट बसवलेला, त्यात गळ अडकवून तुम्ही त्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून नकली माशी बांधायचात. कोंबड्याच्या मानेची पिसं चौकातल्या चिकनवाल्याकडून आणायची, आणि तिथल्याच एका गल्लीतून मुकैशची तार, ज्या चपट्या चंदेरी तारेने तिथले कारागीर ओढण्यांवर टिकल्या भरतात ती. त्या तारेचे तीन वेढे माशीच्या पोटावर दिले की पाण्यात ती चमकते, हा तुमचा शोध. आई वरणाचं पातेलं हातात धरून उभी असायची. “जगात लोक जेवणावरच्या माश्या हाकलतात, हे बांधतात,” असं म्हणून ती पातेलं ठेवायला जागा शोधायची, आणि तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून हसायचात. मी तुमच्या बाजूची होते. घरात दोन पक्ष होते आणि मी विचार न करता तुमच्या पक्षात गेले होते. याचाही आता राग येतो. आईला त्या टेबलावर आयुष्यभर धड पानं मांडता आली नाहीत, आणि मी हसत होते.

अकराव्या वाढदिवसाला तुम्ही मला थर्मामीटर दिलंत. पितळी नळकांड्यात बसणारं, वर दोरी बांधायला कडी असलेलं. मैत्रिणींना सायकली मिळत होत्या. त्याच डिसेंबरात शाळेला खोटा अर्ज देऊन तुम्ही मला नदीवर नेलंत. क्लबातलं कोणी नव्हतं. गळ, काठी काही घेतलं नव्हतं, कारण थंडीत तिथे मासेमारी बंद असते. “आज फक्त बघायचं,” तुम्ही म्हणालात. खडकावर पालथे पडून आपण दीड तास बघत राहिलो. पाय बधिर झालेत, नाक वाहतंय, आणि खाली गुडघाभर पाण्यात एक मादी आडवी होऊन शेपटीने वाळूखडे उडवतेय. खळगा झाला की ती त्यात बसते, नर बाजूला येतो, थरथरतो, आणि मग ती वरच्या अंगाचे खडे उडवून अंडी झाकून टाकते. तुम्ही माझ्या कानाशी कुजबुजलात, “लोकांना वाटतं हिवाळ्यात मासा झोपतो. वर्षातलं सगळ्यात मोठं काम तो आत्ता करतोय. आता मार्चपर्यंत या खड्यांमधून पाणी वाहत राहिलं पाहिजे. बस्स, एवढंच लागतं त्याला.” मग तुम्ही नोंदवही माझ्या हातात दिलीत. त्या पानावर वरच्या दोन ओळी तुमच्या आहेत आणि खालच्या चार माझ्या, बोजड, वेड्यावाकड्या अक्षरात. पाणी सहा अंश. घरटी नऊ मोजली. पाणी कमी झाले तर अंडी मरतात असे बाबा म्हणाले.

हे सगळं एवढं लांबवून लिहितेय, कारण तुम्हाला “विसरलो असेन” म्हणायची सोय राहू नये.

तेरा वर्षांची असतानाचं तर तुम्ही विसरणं शक्यच नाही. एप्रिलचा कॅम्प होता, सगळा क्लब होता. माझ्या गळाला चांगला दीड हात मासा लागला, माझा पहिला मोठा मासा. नियम मला पाठ होता: हात ओले करून धरायचा, आपण श्वास रोखू शकतो तेवढाच वेळ पाण्याबाहेर ठेवायचा, मग प्रवाहाकडे तोंड करून सोडायचा. पण बँकवाल्या काकांचा कॅमेरा अडकला, ते म्हणाले, एक मिनिट, आणखी एक, आणि मी धरून राहिले. सोडला तेव्हा तो कुशीवर कलंडला आणि तसाच वाहत जाऊन खडकाला लागला. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तो मासा उचलून आणलात, माझ्यासमोर दगडावर ठेवलात आणि सगळ्यांच्या देखत, नेहमीच्या आवाजात म्हणालात, “तुझ्या फोटोसाठी हा गेला. बस इथे त्याच्याजवळ.” मी दुपारभर बसले. पुढचे दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. परतीच्या रेल्वेत आईने बांधून दिलेल्या दशम्या तुम्ही माझ्याकडे न बघता पुढे केल्यात. त्या दिवसानंतर मी माझ्या हौसेसाठी कशाचं नुकसान करताना दहा वेळा विचार करत आले. लॅबमध्ये एखादा आकडा शंकास्पद वाटला तर मी पेशंटला परत बोलावते, पुन्हा रक्त घेते, लोक कुरकुरतात. हे तुमच्यामुळे आहे, आणि मला याचा अभिमान होता.

एका माशासाठी दोन दिवसांचा अबोला. मग त्या कागदासाठी किती वर्षांचा हवा होता, बाबा? आणि तो कोणी धरायचा होता?

कागदावरची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे मी अठ्ठावीसची होते, लग्न झालेली, तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारी. पहिल्या प्रकल्पाची चर्चा तेव्हा सुरू होती. वरती बांध घालून पाणी बोगद्यात वळवायचं आणि खाली कोसभर अंतरावर यंत्रांवरून सोडायचं, अशी ती योजना. मधला कोसभराचा पट्टा म्हणजेच आपलं पाणी. तुम्ही आम्हाला सांगितलंत, आपण विरोध केला पण कोणी ऐकलं नाही. प्रकल्प झाला. पुढच्या काही वर्षांत उन्हाळा-पावसाळ्यात नदी दिसायची, पण नोव्हेंबर लागला की त्या पट्ट्यात दगडच दगड. मग आपल्या व्हरांड्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्या बैठका झाल्या त्या आठवतात ना? तुम्ही खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचात. “चोर हैं सब! मछली का मौसम तक नहीं मालूम इनको!” तुम्ही सांगायचात आणि मी लिहून घ्यायचे, या खात्याला, त्या खात्याला, वर्तमानपत्रांना. लॅब बंद करून, पोरीला कडेवर घेऊन मी ती पत्रं टाइप केली आहेत. एकाही पत्राचं उत्तर धड आलं नाही. मला वाटायचं सरकारी लोक बेफिकीर आहेत. आता कळतं की प्रत्येक वेळी कोणीतरी फाइल उघडली असणार, त्यात अध्यक्षांचं जुनं पत्र बघितलं असणार, आणि हसून फाइल मिटली असणार. तुम्हाला हे माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला सांगत होतात, “पोरी, आणखी एक लिहू. या वेळी जरा कडक.”

तर मांडव. कंपनीचा माणूस तरुण होता, सभ्य होता, पहाडी टोपी घालून आला होता. त्याने कागद समोर धरून हिंदीत अर्थ सांगितला. “ये कोई हमारी बात नहीं है. इसी फिशिंग क्लब के संस्थापक अध्यक्ष ने लिखकर दिया है कि सर्दियों में ट्राउट निष्क्रिय रहती है, और उस समय बहाव घटने से उसको कोई हानि नहीं होती. ये बात उस प्रोजेक्ट पर लागू थी तो इस पर भी है.” मांडवात कुजबुज झाली. माझ्या शेजारी डॉक्टरसाहेब होते, ऐंशी पार केलेले, खास या सुनावणीसाठी एवढा प्रवास करून आलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिशवीचे बंद घट्ट धरले. तुम्ही निदान दुसरं काहीतरी लिहायचंत. देशाला वीज हवी, गावाला रस्ता होईल, काहीही. तुम्ही नेमकी तीच गोष्ट लिहिलीत जी खोटी आहे हे मी अकरा वर्षांची असल्यापासून जाणते, आणि ती खोटी आहे असं तुम्हीच माझ्या कानात सांगितलं होतंत.

मी उठायच्या आत गावची प्रधान, म्हणजे सरपंच, उठली. नदीवर क्लबाचं पाणी राखणाऱ्या आपल्या चौकीदाराची सून, तीच जी लग्न होऊन आली तेव्हा आपल्याला चहा द्यायलाही लाजायची. तिने माइक घेतला नाही. “एक साहब लिख गए कि जाड़ों में मछली सोती है. चलो, सोती होगी. हम तो नहीं सोते. हमारी गाय जाड़ों में भी पानी पीती है. हमारा घराट जाड़ों में भी चलता था, जब पानी था.” घराट म्हणजे त्यांची पाणचक्की, बाबा, जिच्या भिंतीला टेकून तुम्ही दरवर्षी फोटो काढायचात. मग ती आमच्या खुर्च्यांकडे वळली. “और ये क्लब वाले भी सुन लें. ये मछली के लिए आए हैं. हम पानी के लिए आए हैं.” टाळ्या पडल्या. माझा चेहरा तापला. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण मी घोकलेल्या भाषणात “ट्राउट” हा शब्द पहिल्या चार वाक्यांत तीनदा होता आणि “गाव” एकदाही नव्हता.

मग सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, क्लबातर्फे कोणी? मी उभी राहिले. भाषण विसरले. म्हणाले, “ये दस्तख़त मेरे पिताजी के हैं. इस काग़ज़ में जो लिखा है वो ग़लत है.” मी पिशवीतून एक वही काढली, सही केल्यानंतरच्या पाचव्या वर्षाची, आणि तुमच्या हातची डिसेंबरची नोंद हिंदीत करून वाचून दाखवली. पाणी घोट्याइतकंही नाही. घरटी उघडी पडली आहेत. अंडी वाळून पांढरी झालेली. कंपनीचा माणूस लगेच उठला. “मैडम, तो पत्र लिखते समय उनको ये जानकारी नहीं थी?” अधिकारी पेन थांबवून माझ्याकडे बघत होते. सगळं मैदान बघत होतं. पिशवीत खालती ती दुसरी वही होती, मी अकरा वर्षांची असतानाची, माझ्या अक्षरातली.

मी म्हणाले, “जी नहीं. उनको मालूम नहीं था. बाद में समझ में आया.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

सुनावणी संपल्यावर मी शाळेच्या पायऱ्यांवर चौकीदाराजवळ जाऊन बसले. त्याला आता कमी ऐकू येतं, दात गेलेत, पण तुमचं जुनं हवाई दलाचं स्वेटर अजून घालतो. मी विचारलं, “चाचा, आपको मालूम था?” तो म्हणाला, “हमारे ही बरामदे में तो लिखा था साहब ने. कंपनी का आदमी चाय पी रहा था.” मग मला कधी सांगितलं का नाही? “आप उनकी बेटी हो. क्या बताते?” थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितलं. त्या वर्षी आपल्याला नदीचा पट्टा, म्हणजे तिथे मासे धरायचा सरकारी भाडेकरार, पुन्हा मिळणार की नाही याची शंका होती. कंपनीवाला म्हणाला, पत्र द्या, पट्टा तुमच्याकडेच राहील याची आम्ही काळजी घेऊ, शिवाय खाली मत्स्यबीज केंद्र बांधून देऊ, माशांची पिल्लं वाढवून नदीत सोडत जा. “साहब ने मुझे समझाया कि अब मछली कभी ख़त्म नहीं होगी, हर साल बाल्टी से डालेंगे. मैंने पूछा, साहब, पानी भी बाल्टी से डालेंगे?” आणि तुम्ही काय म्हणालात? “कुछ नहीं बोले. पेन माँगा. अपना वाला नहीं चल रहा था.”

त्या केंद्राच्या टाक्या मी येताना पाहिल्या. त्यांनाच पाणी पुरलं नाही. तळाला भेगा आहेत आणि भेगांतून अंगाला झोंबणारं बिच्छूघास कमरेएवढं वाढलंय. चौकीदाराला मी म्हटलं, सगळे मासे गेले हो. तो हसला. “आपकी ट्राउट गई. हमारा असेला तो पहले ही चला गया था, उसको आपकी ट्राउट खा गई.” असेला हा तिथला मूळचा मासा. त्याच्याबद्दल तुमच्या चौदा वह्यांत एक ओळ नाही, मी शोधून पाहिलं.

म्हणजे पट्ट्यासाठी केलंत. नदीसाठी नाही, माशासाठीसुद्धा नाही. त्या पाण्यात उभं राहायचा हक्क आपल्याच अकरा जणांकडे राहावा म्हणून. हे तुम्ही कोणाला विचारलं नाहीत. क्लबाला नाही, गावाला तर नाहीच. मला विचारलं असतंत तर मी काय म्हणाले असते? मी म्हणाले असते, बाबा, पट्टा गेला तर जाऊ दे. मला वाटतं मी असंच म्हणाले असते.

परतीच्या जीपमध्ये डॉक्टरसाहेब त्यांच्या त्या मऊ लखनवी आवाजात म्हणाले, “बेटी, जो आदमी जवाब देने के लिए मौजूद नहीं, उसको भरे मजमे में यूँ खड़ा नहीं करते.” मला हसू आलं, कडू. मी तुम्हाला उभं केलं? मी तर तुम्हाला पाठीशी घातलं होतं, खोटं बोलून, सरकारी कागदावर. पण ते त्यांना सांगता येईना. मी विचारलं, “आपको पता था?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पट्टा जब आसानी से मिल गया, तब समझ तो सब गए थे कि कुछ हुआ है. पूछा किसी ने नहीं. अप्रैल में काँटे पर मछली अच्छी लग रही थी.” एवढं बोलून त्यांनी मान मागे टेकून डोळे मिटले. पुढच्या वळणांवर मी त्यांना पडू नये म्हणून धरून बसले होते, आणि त्यांच्यावरही चिडले होते.

निकाल अजून नाही. पण अधिकाऱ्यांनी प्रकल्प रोखून धरलाय आणि हिवाळ्याचा अभ्यास नव्याने करायला सांगितलंय. गावात कळल्यावर प्रधानबाईंनी मला फोन केला, पहिल्यांदाच. आभार वगैरे काही नाही. म्हणाल्या, “दीदी, अगली बार गाय वाली बात आप भी बोलना.” मी म्हटलं, बोलेन. पाठोपाठ पत्र आलं, क्लबाकडच्या सगळ्या जुन्या नोंदी मूळ स्वरूपात पाठवा. सगळ्या. पाण्याचं तापमान, घरटी, तारखा, एवढ्या वर्षांच्या नोंदी त्या खोऱ्यात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. हे श्रेय तुमचं आहे आणि ते मी नाकारत नाही, कितीही चिडले तरी.

आठ दिवस चौदा वह्या टेबलावर होत्या. तेरांचा गठ्ठा बांधून झाला होता. अकराव्या वर्षाची वही मी बाजूला ठेवली होती. ती गेली की माझं मैदानातलं वाक्य खोटं ठरतं, आणि तुमचं पत्र चूक न राहता दुसरंच काहीतरी होतं. माझी लेक कॉलेजातून आली, उभ्याउभ्याच ती वही चाळायला लागली. ती मराठी सगळी समजते, वाचते अडखळत, उत्तर मात्र हिंदीत देते. “मम्मी, ये तो आपकी राइटिंग है! कितनी गंदी!” मग बोट ठेवून वाचत गेली. पाणी कमी झाले तर अंडी मरतात असे बाबा म्हणाले. तिने वर पाहिलं. सुनावणीत मी काय सांगितलं हे तिला माहीत होतं, मीच घरी येऊन सांगितलं होतं. “तो नाना को पता था,” ती म्हणाली. “और आपको भी पता था कि उनको पता था.” हे तिने ओरडून म्हटलं असतं तर मी तिला गप्प केलं असतं. पण ती सहज बोलली, दप्तर खांद्यावर तसंच, आणि फ्रिज उघडून पाणी प्यायला लागली.

बाबा, तिच्यासमोर त्या दिवशी मला जे वाटलं ते तुमच्यामुळे वाटलं. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही खुशाल लिहून मोकळे झालात, एप्रिलमध्ये मासे धरलेत, सन्मानाने गेलात, क्लबाने व्हरांड्यात तुमची तसबीर लावली. आणि ते निस्तरायला मी, ती पण खोटं बोलून. तुम्ही गेलात त्या वर्षी हॉस्पिटलमध्ये आपण सोळा दिवस समोरासमोर होतो. बोलता येत होतं तुम्हाला. नर्सला हवामान विचारायचात. मला म्हणायचात, या वर्षी वरती बर्फ बरा झालाय का बघ. तेव्हा सांगता आलं असतं. मी रागावले असते, दोन दिवस अबोला धरला असता, मग आले असते.

आज सकाळी मी चौदाही वह्या पोस्टात देऊन आले. वरती एक चिठ्ठी जोडली: सुनावणीत माझ्या वडिलांबद्दल मी जे सांगितलं ते खरं नव्हतं, पत्र लिहिताना त्यांना सर्व माहीत होतं, पुरावा दुसऱ्या वहीत आहे. खाली माझी सही. काउंटरवरच्या माणसाने पार्सल तोलून विचारलं, “किताबें हैं?” मी हो म्हटलं.

हे पत्र मात्र आत्ता, संध्याकाळी लिहितेय, आणि ते कुठे पाठवायचं नाहीच आहे. खरं तर आठ दिवसांपूर्वीच लिहायला घेतलं होतं. वर “बाबा” लिहून कागद तसाच ठेवला, कारण वह्या जायच्या आधी लिहिलं असतं तर ते विचारणं झालं असतं. आणि तुम्ही नको म्हणाला असतात. आणि सत्तेचाळीस वर्षांची असूनही मी ऐकलं असतं.